तांब्या भरून आणायचा

पुण्यात माझ्यावर पाणी मागायची वेळ येऊ दिली नाही ती आगाशे काकांनी. त्यांचं नाव आधीच घेऊन टाकते. मला सांगताना फाटे फुटतात, आणि ज्याचं नाव पहिल्यांदा यायला पाहिजे तोच माणूस मागे राहतो. तेव्हा, आगाशे काका. सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दारावर पाटी होती, 'आधी दम खावा, मग बेल वाजवावी.'

मी वर्ध्याकडची. शाळा सातवीतच सुटली. लग्नानंतर गावाजवळची सूतगिरणी बंद पडली तसे आम्ही दोघं पुण्याला आलो. नवरा हिंजवडीकडे एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर उभा राहायला लागला आणि मी वारज्याच्या खोलीतून निघून पेठेत पोळ्या करायला जाऊ लागले. तेव्हा पुण्यात जिकडे बघावं तिकडे नवं बांधकाम, नवे मोबाइल, नव्या गाड्या. सगळ्यांचं काही ना काही वर चाललं होतं. मला मात्र तोंड उघडायची भीती वाटायची. 'काहून' म्हटलं की पोरं हसायची, 'हो जी' म्हटलं की बाया एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी कमी बोलायची. आणि कमी बोलायचं ठरवलं की सगळ्यात आधी बंद होतं ते मागणं. इतक्या घरांत मी रोज कणीक भिजवायची, ओटे धुवायची, पण प्यायला पाणी कधी मागितलं नाही. एका घरी माझा वेगळा पेला खिडकीत पालथा घालून ठेवलेला असायचा. त्यापेक्षा तहान बरी वाटायची. दुपारी खोलीवर जाऊन घटाघटा प्यायची आणि मग डोकं धरून बसायची.

आगाशे काकूंचे गुडघे धरले होते, त्यांना पोळ्यांना बाई हवी होती, म्हणून मी भर उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेले. पाटी वाचली. आपल्याला लागू आहे की नाही ते कळेना, तरी दम खात उभी राहिले. बेलला हात लावायच्या आधीच दार उघडलं. उंच, किडकिडीत माणूस. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, हातात ताटली, ताटलीत पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा.

"बसा. आधी गूळ, मग पाणी. नाव नंतर."

"नको जी, मी पिऊन आली."

"कुठून आलात?"

"वारज्याहून."

"मग वारज्याला प्यायलेलं वारज्यातच राहिलं. घ्या."

मी पेला एका दमात तोंडाला लावला.

"घोट घोट," ते म्हणाले. "पाणी पळून जात नाही. आणि गेलंच तर कुठं जाईल, माठ माझ्या ताब्यात आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, बाई कामाला आलीये की पाहुणी म्हणून?"

"जिना दोघींना सारखाच आहे," काका म्हणाले.

पोळ्या येतात का, सुट्ट्या किती घेणार, हे सगळं त्यानंतर झालं. मला त्यातलं काही आठवत नाही. गूळ आठवतो.

काका बँकेत होते. बँकेत कॉम्प्युटर आले आणि जुन्या लोकांना लवकर घरी जायचं का म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी हो म्हटलं. "बँकेनं यांना सोडलं आणि यांनी माझा ओटा धरला," असं काकू सांगायच्या. पण धरला तो अर्धाच. त्या घरात वाटणी झाली होती. खायचं ते काकूंचं, प्यायचं ते काकांचं. काकूंनी चहाच्या पातेल्याला हात लावायचा नाही, काकांनी फोडणीत नाक खुपसायचं नाही. दोघंही वाटणी रोज मोडायचे आणि रोज भांडायचे.

मी पोळ्या लाटायची, शेजारी काकांचं चाललेलं असायचं. शिकवतो म्हणून ते कधी शिकवायचे नाहीत. स्वतःशी बोलल्यासारखं बोलायचे, आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. सरबताला साखर आणि मीठ आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग माठाचं पाणी घालायचं, लिंबू अगदी शेवटी. तेही हलक्या हातानं पिळायचं. "त्याच्याकडून कबुलीजबाब घ्यायचा नाहीये," म्हणायचे. साल दाबली की कडवटपणा उतरतो. ताकाला आधी नुसतं दही रवीनं मोडायचं, पाणी मग. जिरं त्या दिवसापुरतंच भाजायचं. बर्फ पेल्यात टाकायचा नाही, पेलाच थंड करायचा, कारण बर्फ टाकणं म्हणजे आपणच आपल्या सरबतात पाणी घालणं. माठाला साबण लावायचा नाही, नुसत्या हातानं चोळायचा. पेला बुडाशी धरायचा, काठाला बोट लागता कामा नये. आणि वर दोन बोटं रिकामा ठेवायचा.

"काहून जी?" मी एकदा विचारलं. त्या घरात मला 'काहून' म्हणायची भीती राहिली नव्हती.

"घेणाऱ्याचा हात कापत असला तर सांडत नाही. सांडलं की माणूस ओशाळतो, आणि ओशाळलेल्याला चव लागत नाही."

माझ्या हातचा चहा त्यांनी पहिल्यांदा घेतला तो दिवस मी विसरणार नाही. आमच्याकडे पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकत्र घालून लाल होईस्तोवर कढवतात. काकांनी कपात बराच वेळ पाहिलं.

"शोभाबाई, याचा गुन्हा काय होता?"

"कोणाचा जी?"

"चहाचा."

मग त्यांनीच दाखवलं. पाणी, आलं, साखर खुशाल उकळा, पण पत्ती पडली की गॅस बंद आणि वर झाकण. दूध वेगळं तापवायचं. कप आधी गरम पाण्यानं विसळायचे. मी तसा केला तेव्हा ते 'छान' वगैरे म्हणाले नाहीत. "हं. सुटला बिचारा," एवढंच म्हणाले.

मला ते 'शोभाबाई' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. पुण्यात मला 'तुम्ही' म्हणणारं ते पहिलं माणूस. माझ्या 'जी'वर त्यांचा फार जीव. "हा शब्द इकडे थोडा सांडत चला," म्हणायचे, "पेठेत त्याची टंचाई आहे."

'चहा घेणार का?' हा प्रश्न त्यांच्या घरात बंद होता. ते म्हणायचे, पुण्याची अर्धी बदनामी या एका प्रश्नानं केली आहे. विचारलं की माणूस नको म्हणतो, आणि आपण सुटलो म्हणून आत येऊन बसतो. विचारायचं नाही, ओळखायचं. आणि ओळखायचे ते जिन्यावरून. कोणी चढायला लागलं की काकांचा हात वर व्हायचा, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. गॅस सिलिंडरवाल्याचा धप्प आवाज आला की मीठ जरा जास्त घातलेलं ताक. कुरिअरचा पोरगा दोन-दोन पायऱ्या उड्या मारत आला की आधी साधं पाणी. "हा दुसऱ्या मजल्यावर थांबला, म्हणजे साठीपुढचा आहे. गार देऊ नका, घसा धरेल." बहुतेक वेळा बरोबर यायचं.

एकदा शेजारचे गृहस्थ फार हळू चढत होते. काका म्हणाले, "चहा ठेवा. तो मोठा कप काढा." ते गृहस्थ मोठ्या भावाला स्मशानात पोचवून आले होते. नुसते बसून राहिले, कप दोन्ही हातांत धरून. प्यायले नाहीत. ते गेल्यावर मी म्हटलं, चहा वाया गेला.

"वाया कुठं गेला?" काका म्हणाले. "अशा वेळी माणूस पीत नाही, पण हातात धरायला काहीतरी गरम पाहिजे."

या सगळ्याच्या वर त्यांचं एक वाक्य होतं. ज्या घरात पाणी मागावं लागतं, त्या घरानं हात टेकलेत. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की काकू त्यांच्याआधीच म्हणून टाकायच्या.

सगळं त्यांचं बरोबरच यायचं असं नाही. त्यांचा मुलगा मिलिंद मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत होता. आईवडिलांबरोबरच राहायचा, पण कामाच्या वेळा अशा की घरात दिसायचा कमी. एका रविवारी त्याचे साहेब घरी आले, मद्रासकडचे. काकांनी जिना ऐकला. "भारदस्त पाऊल आहे. कॉफी." आणि जायफळ उगाळून, दाट दुधाची अशी कॉफी केली की वास खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. साहेबांनी एक घोट घेतला आणि थांबले. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं. मिलिंद लाल झाला. साहेबांनी विचारलं होतं, हे सर्दीवरचं औषध आहे का, चांगलं आहे. थोड्या वेळानं साहेबांनी हळूच पाणी मागितलं.

साहेब गेल्यावर काका खुर्चीत बसले ते उठेनात.

"बाबा, त्यांना आवडलं नाही तर जाऊ दे ना."

"आवडण्याचं मरू दे रे. माझ्या घरात माणसाला पाणी मागावं लागलं."

काकू आतून म्हणाल्या, "मग विचारायचं होतंत आधी. विचारायला जीभ झिजते की काय?"

पुढे बरेच दिवस त्या घरात कॉफी झाली नाही. मग मिलिंदनं मद्रासी पद्धतीचा पितळी फिल्टर आणला, काका त्यावर खटपट करत बसले आणि एक दिवस मला म्हणाले, "न विचारता द्यायचं म्हणजे न ऐकता द्यायचं, असं नव्हे. माझं तिथं चुकलं." मी पोळी उलटायची विसरले. घरातल्या कर्त्या माणसानं कामवालीजवळ असं म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांना पाण्याचा नाद होता. खडकवासल्याचं पाणी पावसाळ्यात कसं लागतं, बोअरच्या पाण्यात चहा का फसतो, यावर ते तासभर बोलत. मला विचारायचे, "तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे?" आमच्या बाच्या वावरात विहीर आहे. मी सांगितलं, गोडं आहे, डाळ लवकर शिजते, आणि उन्हाळ्यात त्याला मातीचा थोडा वास येतो. "वा," ते म्हणाले, आणि डोळे मिटून बसले, जसं काही पितच आहेत. नंतर कधीही त्या विहिरीचा विषय काढायचे.

गावाकडे निरोपासाठी मी काकांच्या घरचा फोन नंबर देऊन ठेवला होता. एका सकाळी मी कणीक मळत होते. बाहेर फोन वाजला, काकांनी घेतला. फार बोलले नाहीत. मग आत आले, मला न सांगता गॅसवर आधण ठेवलं. मला वाटलं कोणी येणार असेल. मी जिन्याकडे कान दिला. जिना शांत होता. काकांनी फडताळातून कप काढला. तो मोठा कप होता.

कप पाहिला आणि मला कळलं.

"शोभा, बस," काका म्हणाले. तेवढ्या एका दिवशी ते मला एकेरीत बोलले. कप माझ्या हातांत दिला, माझे कणकीचे हात तसेच. काकू माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बा रात्री गेला होता. आजारीही नव्हता. इथून जाईपर्यंत त्याचं काही उरणार नव्हतं, आणि गाडी तर संध्याकाळशिवाय नव्हती. मी कप धरून बसले. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

निघताना काकांनी पितळेचा फिरकीचा तांब्या आणला. प्रवासाचा, घट्ट झाकणाचा. त्यांच्या वडिलांचा होता.

"गाडीत कोणाकडे पाणी मागू नकोस."

"हा परत कसा देऊ जी? मी कवा येईन..."

"रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत तुमच्याकडे आहे का?"

"आहे जी."

"मग भरून आण. तुमच्या विहिरीचं पाणी आण. मला प्यायचंय."

"अहो!" काकू म्हणाल्या. "पोरीचा बाप गेलाय आणि तुम्ही पाणी काय मागताय?"

काका माझ्याकडे न बघता झाकण घट्ट करत म्हणाले, "तिला परत यायला काहीतरी कारण नको का?"

आयुष्यभर ज्यांनी कोणाला मागू दिलं नाही, त्यांनी माझ्याजवळ पाणी मागितलं.

बाचं दिवसवार झालं. निघायच्या सकाळी मी विहिरीवर जाऊन तांब्या भरला. गाडीत मांडीवर घेऊन बसले, बाजूच्या बाईनं म्हटलं खाली ठेव, ठेवला नाही. तहान लागली तरी झाकण उघडलं नाही. पुण्यात उतरून खोलीवर न जाता थेट पेठेत गेले. तीन मजले चढले, दम खाल्ला, मग बेल वाजवली. दार उघडलं नाही. कुलूप होतं.

शेजाऱ्यांनी सांगितलं, काकांना अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यात गेले तेव्हा त्यांच्या नाकातून नळी घातलेली, उजवी बाजू पडलेली, डोळे उघडे. मी तांब्या खाटेशेजारच्या कपाटावर ठेवायला गेले तर काकूंनी माझा हात धरला.

"इथं नको ठेवूस ग. त्यांना दिसेल."

मला समजेना. मग काकूंनी बाहेर नेऊन सांगितलं. त्यांची गिळायची शक्ती गेली होती. पातळ काही तोंडात गेलं की पोटात न जाता श्वासाच्या वाटेनं उतरतं. भेटायला आलेल्या कोणीतरी मायेनं चमचाभर पाणी पाजलं, आणि त्या चमच्यानं फुप्फुसात दोष होऊन काका जवळजवळ गेलेच होते. तोंडानं काहीच द्यायचं नाही, आणि पाणी तर मुळीच नाही. पाण्यानंच जातील, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी तांब्या पदराखाली घेतला. काकांनी तो पाहिला होता. त्यांना बोलता येत नव्हतं, पण पाहिला होता.

पुढे घरी आणलं. नळी निघाली. गिळायचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, वयानं माझ्याहून लहान, फार जीव लावून करायची. तिनं समजावलं, जे द्यायचं ते मधासारखं दाट करून, चमच्यानं, हनुवटी खाली करून. त्यासाठी एक पावडर मिळायची. ती पाण्यात टाकली की पाणी चमच्यावरून ओघळायचं बंद होतं. काकूंना ते बघवायचं नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. काकूंनी खाण्या-पिण्याची वाटणीच सोडून दिली होती.

मी काय काय केलं. कोकम केलं, त्यांच्याच पद्धतीनं कोमट पाण्यात आमसुलं भिजवून, जिरं ताजं भाजून, आणि मग ती पावडर घालून. ताक केलं. लिंबू हलक्या हातानं पिळलं. त्या मुलीला विचारून एकदा पावडरऐवजी आरारूट शिजवून बघितलं, चव तरी बिघडणार नाही म्हणून. काकांनी चमचा तोंडात घेतला, बराच वेळ गिळण्याची खटपट केली, आणि वाकड्या झालेल्या तोंडानं एकेक अक्षर जोडत म्हणाले, "खळ... आहे. साड्यांना... घाला."

काकू हसल्या, मी हसले, काकाही हसले असावेत. त्या घरातलं ते शेवटचं हसू मला आठवतं.

विहिरीचं पाणी किती दिवस ठेवणार? एका दुपारी ते मी गॅलरीतल्या मोगऱ्याला घातलं. काकांची खाट तिथून दिसते. मी पाठमोरी होते, पण त्यांची नजर पाठीला लागत होती. तांब्या घासून परत द्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "तुझ्याकडेच असू दे. रिकामा घेऊन मी काय करू?"

जिना ते अजून ऐकायचे. सिलिंडरचा धप्प आवाज आला की डावा हात वर जायचा. मी समजायची, ताक. सिलिंडरवाला काकांना भेटल्याशिवाय जायचा नाही; खाटेशी उभं राहून ताक प्यायचा, आणि काका त्याच्या गळ्याकडे बघत राहायचे. त्याचा घोट उतरला की यांचाही घसा हलायचा. एकदा ते सिलिंडरवाल्याच्या लक्षात आलं. तो पेला अर्धा ठेवून निघून गेला, आणि जिन्यात थांबून रडला. मी दार लावायला गेले होते म्हणून दिसला.

मग ती दुपार. काकू डोळे तपासायला गेल्या होत्या, मिलिंद ऑफिसला. मी माठ धुऊन भरत होते. ओगराळ्यानं पाणी ओतलं की माठात एक आवाज होतो, सुरुवातीला पोकळ आणि मग भरत जाणारा. तो आवाज आत पोचत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. काकांनी हाक मारली. मी गेले. मला प्यायला म्हणून भरलेला पेला हातात तसाच होता.

"पा... णी."

"काका, दाट करून आणते जी."

"नाही. पाणी."

मी मान हलवली. नमस्काराला दोन हात लागतात. त्यांचा एकच उठायचा. तो त्यांनी कपाळाला लावला.

ज्यांनी मला गूळ दिल्याशिवाय नाव विचारलं नाही, ते माझ्यापुढे हात कपाळाला लावून एक पेला पाणी मागत होते. पेला माझ्या हातात होता, भरलेला होता, बुडाशी धरलेला होता. मी द्यायला नको होता, मी दिला नाही, आणि तरी माझे पाय तिथून हलेनात. "नका जी असं करू, काका, नका," एवढंच मला येत होतं. शेवटी त्या मुलीनं सांगितलेलं तसं कापसाचा बोळा ओला करून, पिळून, ओठांवरून फिरवला. त्यांनी तो बोळा दातांत धरला. मला तो ओढून घ्यावा लागला.

मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचं ते वाक्य घरात कोणीच म्हटलं नाही, पण मला ऐकू येत होतं. घरानं हात टेकले होते. कितीतरी दिवस ते माझ्याकडे बघत नव्हते. चमचा घ्यायचे, बघायचे नाहीत. मी रागावू तरी कोणावर?

त्या वर्षीच मिलिंदला कंपनीनं बंगलोरला पाठवलं. तिथं त्याला लिफ्टचं घर मिळालं होतं, जवळ मोठा दवाखाना होता. आईवडिलांना इथं तिसऱ्या मजल्यावर ठेवून तो कसा जाणार? काकूंनी मला विचारलं, "आमचं बरोबर आहे ना ग?" जसं काही माझ्या हो-नाहीवर काही होतं. मी म्हटलं, बरोबर आहे जी. दुसरं काय म्हणणार होते?

जायच्या दिवशी माझी बस मिळाली नाही. दुसरी आली ती खचाखच भरलेली. स्टॉपपासून मी धावत सुटले, उन्हात, चपलेचा अंगठा तुटला तशी हातात चप्पल घेऊन. गल्लीत शिरले तर गाडी सुरू झालेली. काकांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं होतं, ते मागच्या सीटवर उशीला टेकून बसले होते, काच खाली. मिलिंदनं मला पाहून गाडी थांबवली.

मला बोलताच येईना, इतका दम लागला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, जसे दारात उभं राहून बघायचे तसे. मग डावा हात उचलला आणि अंगठा तोंडाकडे नेला.

काकूंचे डोळे भरले. "अहो, तुम्हाला नाही ना द्यायचं. का असं करता?"

काकांनी जोरात मान हलवली. हात माझ्याकडे केला. पुन्हा अंगठा तोंडाकडे. पुन्हा माझ्याकडे.

काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि खिडकीतून माझ्यापुढे धरलं.

"नको जी," मी म्हटलं. "मी पिऊन आली."

काकांनी माझ्याकडे असे काही डोळे केले की मी पेला घेतला. त्यांच्यासमोर, त्यांना नाही आणि मला आहे असं ते पाणी. मी लवकर संपवावं म्हणून पेला तोंडाला लावला, तर आतून आवाज आला. त्यांची जीभ जड होती, शब्द तुटत होता, पण कळत होता.

"घोट... घोट."

मी घोट घोट प्यायले. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी मान टेकली आणि गाडी गेली.

काकूंचा अधूनमधून फोन येतो. आता माझ्याकडेही मोबाइल आहे. मी दरवेळी तेच विचारते आणि त्या दरवेळी तेच सांगतात, "अजून नाही ग. डॉक्टर म्हणतात बघू." वारज्याच्या खोलीत माठ आहे, त्याला मी साबण लावत नाही. तांब्या फळीवर आहे. चिंचेनं घासते, फिरकीला तेलाचं बोट लावते, आणि पालथा घालते. तो पालथा बघितला की मला भीती वाटते. पाणी प्यायची मोकळीक आधी येते की दुसरा कोणता फोन आधी येतो, हे माझ्या हातात नाही.

काका, माझ्या हातात आहे तेवढंच कबूल करते. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तुमचीही आहे आणि आमचीही. डॉक्टर हो म्हणाले की काकूंनी मला नुसता निरोप द्यावा. मी गावी जाईन, बाच्या विहिरीवर तांब्या भरीन, मांडीवर घेऊन बंगलोरला येईन. तिथं लिफ्ट असली तरी दाराशी दम खाईन, मग बेल वाजवीन. आधी गूळ देईन. पेला बुडाशी धरीन, वर दोन बोटं रिकामा ठेवीन. तुम्हाला मागावं लागणार नाही.